तात्पुरत्या फाइलींचा कायमचा मुक्काम

जुलै महिना उजाडला की परभणी जिल्ह्यातील महा ई-सेवा केंद्रांसमोर रांगा लागू लागतात. खरिपाच्या पीकविम्याची मुदत बहुधा ३१ जुलैला संपते आणि सोयाबीन, कापूस, तूर यांच्या पेरण्या उरकून शेतकरी तालुक्याच्या गावी येतो. परभणी, जिंतूर, सेलू, मानवत, पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा, कोणत्याही तालुक्याला गेलात तरी चित्र हेच. सातबारा, आठ-अ, आधार, बँकेचे पासबुक आणि पेरणीचे स्वयंघोषणापत्र एवढा ऐवज पिशवीत असतो. केंद्रचालक कागद स्कॅन करतो, उतारा डाउनलोड करतो, अर्ज भरून पावती छापतो. शेतकरी कागद पिशवीत घालून एसटी पकडतो. कागद घरी जातात. त्यांच्या प्रतींचे काय होते, हा या लेखाचा विषय आहे.

त्या अर्ध्या तासात संगणकाने एकाच आधारपत्राच्या अनेक प्रती तयार केलेल्या असतात. स्कॅनरच्या प्रोग्रामने एक केली, ती कापून लहान करणाऱ्या प्रोग्रामने दुसरी, ब्राउजरने तिसरी आणि प्रिंटरकडे पाठविण्यापूर्वी ऑपरेटिंग सिस्टिमने चौथी. यांतील बहुतेक प्रती 'टेम्पररी' म्हणजे तात्पुरत्या म्हणवल्या जातात. नाव तात्पुरते असले तरी त्यांचा मुक्काम कित्येकदा संगणक भंगारात जाईपर्यंत टिकतो. ही काही केंद्रचालकाची बेफिकिरी नव्हे. ज्यांचे काम चालले आहे ते आणि ज्याच्या नावाने संगणक सुरू आहे तो, या दोन वेगळ्या व्यक्ती असू शकतात, हे गृहीत धरून बहुतेक संगणकांची मांडणीच केलेली नाही.

तात्पुरती फाइल कशासाठी?

प्रोग्रामला काम करताना कच्चे टिपण ठेवायला जागा लागते. मोठे चित्र मेमरीत मावत नाही, छपाई सावकाश होते, इंटरनेटवरून येणारी फाइल तुकड्यातुकड्यांनी येते. अशा वेळी प्रोग्राम ऑपरेटिंग सिस्टिमकडे थोडी जागा मागतो आणि काम झाल्यावर ती मोकळी करण्याचे आश्वासन देतो. परभणीसारख्या ठिकाणी हे आश्वासन मोडण्याचे सर्वांत साधे कारण म्हणजे वीज. प्रोग्राम मधेच बंद पडला की आवराआवर करणारा कोणी उरत नाही आणि कच्चे टिपण जागच्या जागी राहते.

छपाईचे उदाहरण बोलके आहे. 'ई-आधार'ची पीडीएफ पासवर्डने बंद असते. (नावाची पहिली चार अक्षरे आणि जन्मवर्ष, असा तो पासवर्ड असतो, म्हणजे ओळखीच्या माणसाला तो ताडता येण्यासारखाच.) परंतु ती उघडून छापण्याची आज्ञा दिली की विंडोज त्या पानाचे प्रिंटरला समजेल असे रूप तयार करून 'स्पूल' नावाच्या फोल्डरात ठेवते. या रूपाला पासवर्ड नसतो. छपाई झाली की ही फाइल काढून टाकली जाते. मात्र प्रिंटर बंद असेल, कागद अडकला असेल किंवा 'छापलेले दस्तऐवज जपून ठेवा' हा पर्याय कोणी निवडून ठेवला असेल, तर ती तिथेच थांबते. मूळ पेटीला कुलूप आणि तिची नक्कल उघड्यावर, असा हा प्रकार.

चावडीवरचा ओटा

ही जागा सुरक्षित कशी करावी, याचा विचार संगणकशास्त्राला नवा नाही. १९६९ मध्ये बेल लॅब्जमध्ये जन्मलेली युनिक्स ही अनेकांनी एकाच यंत्रावर काम करण्याची प्रणाली होती. तिच्यात 'टीएमपी' नावाचे एक सामायिक फोल्डर असे आणि त्यात कोणीही काहीही ठेवू शके. गावच्या चावडीवरील ओट्यासारखी ही जागा. सर्वांना मुभा आहे म्हटल्यावर एकाने ठेवलेली वस्तू दुसऱ्याने उचलण्याचीही मुभा आलीच. म्हणून पुढे फोल्डरला 'स्टिकी बिट' नावाची खूण करण्याची सोय आली. ओटा सर्वांचा, पण ज्याने वस्तू ठेवली त्यालाच ती हलविता येईल, असा हा नियम. आजच्या लिनक्समध्येही तो आहे.

तरी एक खोच उरली. तिला समजून घ्यायला एसटी स्टँडवर जावे लागेल. गाडी लागली, खिडकीतून पाहिले, तिसरी जागा रिकामी आहे. आपण दाराने आत शिरेपर्यंत तिथे दुसरा कोणी बसलेला असतो. 'पाहणे' आणि 'बसणे' यांच्यामध्ये जो क्षण गेला, त्यात डाव उलटला. जुने प्रोग्राम नेमके असेच वागत. अमुक नावाची फाइल आहे का हे आधी पाहत, आणि नसेल तर ती तयार करत. फाइलचे नावही प्रोग्रामच्या क्रमांकावरून सहज ओळखता येईल असे असे. खोडसाळ माणूस त्या मधल्या क्षणात त्याच नावाची 'सिम्बॉलिक लिंक', म्हणजे दुसऱ्याच फाइलकडे बोट दाखविणारी पाटी, लावून ठेवी. प्रोग्राम आपली फाइल समजून लिहू लागे आणि प्रत्यक्षात एखादी महत्त्वाची फाइल खराब होई. मॅट बिशप आणि मायकेल डिल्गर यांनी १९९६ मध्ये या प्रकारच्या चुका प्रोग्राममध्ये कशा शोधाव्यात, यावर प्रबंध लिहिला.

या दुखण्यावर उपाय आपल्याकडच्या प्रवाशाला ठाऊक आहे. खिडकीतूनच रुमाल टाकायचा! पाहणे आणि जागा धरणे ही दोन कामे एकाच कृतीत होतात. ऑपरेटिंग सिस्टिमने प्रोग्रामला अशीच एकसंध आज्ञा दिली. 'ही फाइल नसेल तरच तयार कर, असेल तर अपयश कळव,' ही ती आज्ञा. जोडीला नाव असे यादृच्छिक घ्यायचे की कोणाला ते आधी ताडता येऊ नये, आणि फाइल जन्मतःच फक्त मालकाला वाचता येईल अशा परवानगीची असावी. लिनक्सने २०१२ मध्ये सामायिक फोल्डरातील अशा फसव्या पाट्यांच्या मागे जाण्यावर गाभ्यातच निर्बंध आणले. २०१३ मध्ये तर नाव नसलेली तात्पुरती फाइल तयार करण्याची सोय झाली. ज्याला नावच नाही त्याला बाहेरून हाक मारता येत नाही, आणि प्रोग्राम बंद पडला की ती आपोआप नाहीशी होते. वीज गेल्यावर आवराआवर कोण करणार, या प्रश्नाचे हे पुष्कळ समाधानकारक उत्तर आहे.

प्रत्येकाला स्वतंत्र खोली

दुसरा मार्ग म्हणजे ओटाच मोडून प्रत्येकाला खोली देणे. विंडोज ९८ मध्ये तात्पुरत्या फाइलींसाठी साधारणतः एकच सामायिक फोल्डर असे. २००१ च्या विंडोज एक्सपीसह पुढील आवृत्त्यांत प्रत्येक वापरकर्त्याला स्वतःचे 'टेम्प' फोल्डर मिळाले. मॅकमध्येही तशीच व्यवस्था आहे. लिनक्समध्ये एखाद्या सेवेला तिचे खासगी 'टीएमपी' देता येते. पत्ता तोच, पण दार उघडल्यावर प्रत्येकाला आपलीच खोली दिसते. विंडोज ११ मध्ये खुद्द सिस्टिमच्या नावाने चालणाऱ्या कामांसाठी तात्पुरती जागा वेगळी काढण्यात आली आणि इतरांना तिथे प्रवेश ठेवला नाही. दिशा सर्वत्र एकच आहे. सामायिक जागा कमी करा, खासगी जागा वाढवा.

आता पुन्हा जिंतूर किंवा पालमच्या केंद्राकडे पाहू. इथे विंडोजच्या दृष्टीने 'वापरकर्ता' एकच, तो म्हणजे केंद्रचालक. सकाळी त्याने पासवर्ड टाकला की संध्याकाळपर्यंत ऐंशी शेतकऱ्यांचे काम त्याच एका नावाखाली होते. ऐंशी जणांचे आधार, ऐंशी जणांची पासबुके एकाच खोलीत जमा होतात. ऑपरेटिंग सिस्टिमने खोल्यांच्या भिंती कितीही भक्कम बांधल्या तरी त्या खातेदारांमध्ये आहेत, रांगेतल्या माणसांमध्ये नाहीत. ज्याचा सातबारा आहे तो माणूस संगणकाच्या हिशेबी अस्तित्वातच नाही. सामायिक संगणकावरील तात्पुरत्या फाइलींचे खरे दुखणे इथे आहे.

पुसणे म्हणजे काय?

केंद्रचालक दक्ष असेल तर तो रोज संध्याकाळी फाइली डिलीट करतो, रिसायकल बिनही रिकामी करतो. तरीही काम पुरे होत नाही. डिलीट करणे म्हणजे पुस्तकाच्या अनुक्रमणिकेतून प्रकरणाचे नाव खोडणे. पाने जागेवरच असतात. त्यांवर नवे काही लिहिले जाईपर्यंत ती वाचता येतात. सिम्सन गारफिंकेल आणि अभी शेलत या अमेरिकेतील संशोधकांनी जुन्या बाजारातून १५८ हार्ड डिस्क विकत घेतल्या आणि २००३ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. वाचता आलेल्या १२९ डिस्कपैकी केवळ १२ नीट पुसलेल्या होत्या. उरलेल्यांतून क्रेडिट कार्डांचे पाच हजारांहून अधिक क्रमांक निघाले. आपल्याकडेही केंद्राचा जुना संगणक अखेर दुरुस्तीवाल्याकडे, भंगारात किंवा दुसऱ्या गावातल्या नव्या केंद्राकडेच जातो.

फाइलीवर पुन्हा पुन्हा निरर्थक अक्षरे लिहून ती मिटविण्याचा जुना उपाय फिरत्या चकतीच्या डिस्कवर चालत असे. पीटर गुटमन यांचा १९९६ चा प्रबंध या विषयात प्रसिद्ध आहे. आज बहुतेक नव्या संगणकांत एसएसडी असते. तिच्या पेशी झिजू नयेत म्हणून तिचा नियंत्रक दर वेळी नव्या जागी लिहितो. आपण 'त्याच फाइलीवर' लिहिले असे समजतो, पण जुनी प्रत शेजारी शिल्लक राहू शकते. २०११ मध्ये सॅन दिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी प्रयोगांनी दाखवून दिले की, एसएसडीवरील एखादीच फाइल खात्रीने पुसण्याच्या तेव्हाच्या पद्धती विश्वासार्ह नव्हत्या.

मग पर्याय दोन. पहिला, ते डिस्कवर लिहूच नये. लिनक्समध्ये 'टीएमपी' फोल्डर मेमरीतच ठेवता येते. पाटीवर लिहावे तसे हे लिखाण, वीज गेली की पाटी कोरी. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ने हीच पद्धत नव्या मांडणीत मूळ धरली. यातही एक चोरवाट आहे. मेमरी कमी पडली की ऑपरेटिंग सिस्टिम तिच्यातला मजकूर 'स्वॅप' म्हणून डिस्कवर उतरवते. म्हणून दुसरा पर्याय जोडीला हवाच. डिस्कवर जे जाईल ते कूटबद्ध असावे आणि त्याची किल्ली फक्त मेमरीत असावी. नील्स प्रोव्होस यांनी २००० मध्ये ओपनबीएसडीसाठी स्वॅपची अशी व्यवस्था करून दाखविली. काम संपले की किल्ली टाकून द्यायची. पेटी तिथेच राहील, पण तिची किल्ली जगात कुठेच नसेल. पुसण्यापेक्षा हा मार्ग स्वस्त आहे, वेगवान आहे, आणि एसएसडीच्या लहरीवर अवलंबून नाही.

विजेचा पेच

कोणी म्हणेल, सारे मेमरीत ठेवले आणि अर्ज अर्धा भरलेला असताना वीज गेली तर? शेतकऱ्याने दोन तास रांगेत काढलेले असतात. हा आक्षेप रास्त आहे. सुरक्षिततेला वाटते की टिपण तत्काळ नाहीसे व्हावे; सोयीला वाटते की ते टिकावे. उत्तम मांडणी या दोहोंची सरमिसळ करीत नाही. युनिक्सच्या परंपरेत म्हणूनच दोन जागा आहेत. एक संगणक बंद होताच रिकामी होऊ शकणारी, दुसरी पुन्हा सुरू झाल्यावरही टिकणारी. दुसऱ्या जागेत फक्त अर्जाचा मसुदा ठेवावा, तोही कूटबद्ध, आणि त्याला वयोमर्यादा असावी. लिनक्समधील 'सिस्टिमडी'ची मूळ रचना पहिल्या जागेतील न वापरलेल्या फाइली १० दिवसांनी आणि दुसऱ्या जागेतील ३० दिवसांनी काढते. सेवा केंद्रासाठी ३० दिवस फार झाले. तिथे एक रात्र पुरे. मेमरीतील जागेलाही मर्यादा लागते. लिनक्समध्ये ती सामान्यतः एकूण मेमरीच्या निम्मी असते, म्हणजे चार जीबीच्या जुन्या यंत्रावर दोन जीबी. शंभर पानांचा दस्त स्कॅन करताना ती भरली आणि यंत्र अडले, असे होऊ नये याचा हिशेब आधीच करायला हवा.

रांगेतल्या माणसासाठी रचना

हे सारे सुटे भाग आज उपलब्ध आहेत. प्रश्न आहे तो ते योग्य माणसाभोवती जुळविण्याचा. खातेदाराला खोली देण्याऐवजी प्रत्येक कामाला खोली द्यावी. केंद्रचालकाने 'नवा अर्ज' म्हणताच ऑपरेटिंग सिस्टिमने एक कोरी जागा उघडावी, तिची किल्ली त्या क्षणी तयार व्हावी. स्कॅनर, ब्राउजर, डाउनलोड आणि छपाईचा स्पूल या सर्वांनी त्याच जागेत काम करावे. पावती हाती पडली की 'काम संपले' या एका बटणाने किल्ली नष्ट व्हावी. पुढच्या माणसासाठी पुन्हा कोरी पाटी. यात केंद्रचालकाच्या स्मरणशक्तीवर काहीच सोडलेले नाही, आणि हेच महत्त्वाचे. ३१ जुलैच्या संध्याकाळी, सर्व्हर अडखळत असताना आणि दारात तीस माणसे उभी असताना, फाइली आठवणीने पुसण्याची अपेक्षा कोणाकडूनही करता येत नाही.

याच्या जवळ जाणाऱ्या सोयी प्रत्यक्षात आहेत. क्रोम ओएसमधील पाहुण्यांचे सत्र बंद केले की त्यातील फाइली जातात. विंडोजच्या प्रो आवृत्तीत २०१९ पासून 'सँडबॉक्स' आहे; ती खिडकी मिटली की आतले सारे नाहीसे होते. मात्र स्वस्त संगणकांवर येणाऱ्या होम आवृत्तीत ती मिळत नाही.

केंद्रचालकाची बाजूही ऐकली पाहिजे. अर्ज त्रुटीसाठी परत येतो, तेव्हा शेतकऱ्याला पुन्हा तीस किलोमीटर यावे लागू नये म्हणून तो गावनिहाय फोल्डर करून कागद ठेवतो. यामागे सद्भावना आहे. पण जे मुद्दाम जपायचे ते तात्पुरत्या जागेत नव्हे, तर विचारून, कुलपात आणि ठरावीक मुदतीपुरते जपावे. कायदाही त्याच दिशेने आला आहे. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार हेतू पूर्ण झाल्यावर, कायद्याने जपणे आवश्यक नसेल तर, माहिती पुसून टाकण्याची जबाबदारी ती वापरणाऱ्यावर येते. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून मुख्य जबाबदाऱ्यांसाठी अठरा महिन्यांची मुदत देण्यात आली आहे. पण आपल्याकडील प्रती कुठे कुठे आहेत हेच ज्या यंत्राला सांगता येत नाही, त्याच्या मालकाने त्या पुसाव्यात कशा?

तोवर काय करावे?

आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाने २७ मे २०२२ रोजी एक सूचना काढली होती. सार्वजनिक संगणकावर ई-आधार डाउनलोड करणे टाळा आणि केलेच तर सर्व प्रती कायमच्या काढून टाका, असे तीत म्हटले होते. गैरसमज होतील म्हणून ती सूचना दोनच दिवसांत मागे घेतली गेली. सल्ला मात्र गैर नव्हता. फक्त तो पाळण्याचे साधन नागरिकाच्या हाती नव्हते.

नागरिकाने चालेल तिथे आधारचे शेवटचे चारच अंक दाखविणारे 'मास्क्ड' आधार द्यावे. कागद केंद्राच्या व्हॉट्सॲपवर पाठविले असतील तर काम झाल्यावर ते दोन्हीकडून काढून टाकण्यास सांगावे. ब्राउजरच्या 'इनकॉग्निटो' खिडकीवर भिस्त ठेवू नये. तिच्यातून डाउनलोड केलेली फाइल खिडकी मिटल्यावरही डिस्कवर राहते. केंद्रचालकाने अर्जांसाठी वेगळे खाते ठेवावे आणि पूर्ण डिस्क कूटबद्ध करावी. स्कॅन व डाउनलोड एकाच फोल्डरात जातील असे पाहावे, म्हणजे रात्री एकच जागा रिकामी करावी लागेल. प्रिंटरची रांग रोज तपासावी. जुना संगणक विकताना डिस्क काढून घ्यावी. आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सर्वसाधारण आधार संपला आहे, याची नोंद घ्यावी.

पण या यादीतली बहुतेक कलमे माणसाच्या दक्षतेवर उभी आहेत, आणि दक्षता रांगेच्या लांबीबरोबर घटत जाते. शासन केंद्रांना परवाने देते, दरफलक लावायला सांगते, सेवा किती दिवसांत द्यायची हेही ठरवून देते. 'काम संपले' या बटणामागे प्रती खरोखरच नष्ट होतील असा संगणक हवा, ही अटही त्याच यादीत बसू शकते. तंत्र तयार आहे आणि त्यातले बरेचसे फुकट मिळते. शेतकऱ्याला पावती जशी त्याच्या हातात मिळते, तसे त्याचे आधार आणि पासबुक पूर्णपणे त्याच्याबरोबरच घरी गेले पाहिजे.